सपोर्ट संपतो म्हणजे काय होतं?

‘अजून झकास चालतोय की! मग बदलायचा कशाला?’

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून हा प्रश्न कॉम्प्युटरच्या दुकानात, शाळेच्या संगणक कक्षात, पतसंस्थेच्या बैठकीत सारखा विचारला जातोय. विचारणाऱ्याला मागासलेला ठरवून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र तो प्रश्न अगदी रास्त वाटतो. कंपनीनं मॉडेल बंद केलं म्हणून फिरता पंखा कुणी छतावरून उतरवत नाही. मग कष्टाच्या पैशातून घेतलेला, एकही भाग न बिघडलेला संगणक दूरच्या कुणीतरी ठरवलेल्या तारखेपायी अडगळीत का टाकायचा? या पुस्तकातली सगळी प्रकरणं या एका प्रश्नाभोवती लिहिलेली आहेत. प्रस्तावनेत मला त्यामागचा कार्यकारणभाव तेवढा उलगडून दाखवायचा आहे. तो एकदा कळला की पुढच्या पानांतल्या तारखा आणि तक्ते पाठ करावे लागत नाहीत.

पहिली गोष्ट अशी की सॉफ्टवेअर झिजत नाही. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीची सीडी जपून ठेवली असेल, तर तिच्यातला प्रोग्राम आजही अक्षरशः तसाच आहे. कोट्यवधी ओळींच्या त्या प्रोग्राममध्ये चुका पहिल्या दिवसापासून होत्याच, फक्त त्या कुणाला ठाऊक नव्हत्या. वर्षं जातात तसतशा त्या एकेक करून सापडत जातात. कधी संशोधकांना, कधी कंपनीच्याच माणसांना, तर कधी चोरांना. सापडलेली चूक दुरुस्त करून ती दुरुस्ती तुमच्या यंत्रापर्यंत पोचवणं म्हणजे सुरक्षा अपडेट. सपोर्ट संपतो तेव्हा यंत्रात काहीच बदलत नाही. चुका सापडणंही थांबत नाही. थांबते ती दुरुस्ती.

आता यातली खरी मेख. मायक्रोसॉफ्ट २००३ सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ठरलेल्या वेळी या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, सोडते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. बुधवारी सकाळी ऑफिस उघडून संगणक सुरू केला की ‘रीस्टार्ट करा’ म्हणून जी आठवण येते ती त्याचीच. पण त्या रात्री पॅच उतरवून घेणाऱ्यांत आणखी एक वर्ग असतो. ही मंडळी पॅचच्या आधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते ओळ न ओळ तपासतात. बदल कुठे झाला हे कळलं, की भोक कुठे होतं हेही कळतं. मग ज्यांनी पॅच बसवलेला नाही त्यांच्यासाठी हत्यार तयार करायला वेळ लागत नाही. ज्यांचा सपोर्ट चालू आहे त्यांच्या हातात निदान काही दिवस असतात. ज्यांचा संपला आहे त्यांच्याकडे तेही नसतात, कारण त्यांच्यासाठी पॅच येणारच नसतो. विंडोज १० आणि ११ यांचा गाभा बराचसा एकच आहे. त्यामुळे ११ साठी निघालेली प्रत्येक दुरुस्ती १० मधल्या जुन्या भोकाचा पत्ता जाहीर करू शकते. सपोर्ट संपलेलं यंत्र दर महिन्याला थोडं थोडं जास्त धोक्याचं होत जातं ते यामुळे. त्यात काही गूढ नाही.

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं ते २०१७ साली जगानं पाहिलं. विंडोजमध्ये नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याची जी जुनी सोय आहे, तिच्यातलं एक भोक अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे एनएसएला, सापडलं होतं. तिनं ते कंपनीला कळवण्याऐवजी स्वतःच्या वापरासाठी राखून ठेवलं. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टनं त्याचा पॅच काढला, पण सपोर्ट चालू असलेल्या आवृत्त्यांपुरताच. बरोबर एका महिन्यानं, १४ एप्रिलला, ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीनं एनएसएचं ते हत्यार इंटरनेटवर उघडं टाकलं. आणि १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ सुटला. तो एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात आपोआप शिरायचा, फाइली कुलूपबंद करायचा आणि किल्लीसाठी खंडणी मागायचा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना, म्हणजे रुग्णसेवा चालवणाऱ्या संस्थांना, त्याची झळ बसली. १९ हजारांहून अधिक रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयानं पुढे नोंदवला. कुणाचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, कुणाची रुग्णवाहिका दुसऱ्या दवाखान्याकडे वळवावी लागली.

या घटनेविषयी एक गैरसमज फार पसरला आहे, तो इथेच दूर करतो. वॉनाक्रायला बळी पडलेली बहुतेक यंत्रं एक्सपीची नव्हती. ती विंडोज ७ची होती. त्यांचा सपोर्ट चालू होता, पॅच दोन महिन्यांपूर्वी येऊन पडला होता, फक्त कुणी बसवला नव्हता. तेव्हा नवा संगणक घेतला म्हणजे आपण सुटलो असं समजणाऱ्यांनी ही नोंद ध्यानात ठेवावी. सपोर्ट असणं ही पहिली अट झाली, अपडेट बसवणं ही दुसरी. आणि ‘नंतर आठवण करा’ हे बटण कितीही वेळा दाबता येत असलं तरी दुसरी अट त्यानं पुरी होत नाही.

पुढच्याच महिन्यात तेच हत्यार आपल्या दारात आलं. २७ जून २०१७ला ‘नॉटपेट्या’ पसरला आणि मार्स्क या डॅनिश जहाज कंपनीची जगभरातली यंत्रणा कोसळली. न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल याच समूहाकडून चालवलं जातं. तिथलं कामकाज ठप्प झालं आणि कंटेनर घेऊन आलेले ट्रक खोळंबले. मार्स्कला दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्यानं उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी पुढच्या वर्षी दावोसमध्ये सांगितलं. नॉटपेट्या यंत्रातून पासवर्डही चोरायचा. त्यामुळे कार्यालयातलं एखादंच कच्चं यंत्र त्याच्या हाती लागलं तरी त्याच्या आधारे तो पॅच बसवलेल्या यंत्रांतही घुसत असे. कोपऱ्यातला जुना संगणक ‘तसा कुणी फारसा वापरत नाही’ म्हणून सोडून देणाऱ्या कार्यालयांना मी हे आवर्जून सांगतो. त्याच्या धोक्याला त्या कोपऱ्याची हद्द नसते.

आता त्या तारखेकडे वळू. ती कोण ठरवतं आणि कधीपासून मोजतं?

मोजणी तुमच्या खरेदीपासून होत नाही. ती आवृत्ती बाजारात आली त्या दिवसापासून होते. एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आली आणि ८ एप्रिल २०१४ला तिचा सपोर्ट संपला. साडेबारा वर्षं, म्हणजे चांगलीच दीर्घ मुदत. पण २०१० साली एक्सपी असलेला छोटा नेटबुक घेणाऱ्याच्या वाट्याला त्यातली चारच आली. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली आणि तिची दहा वर्षं ठरलेली होती. पुढे २०२१ साली विंडोज ११ आली तेव्हा मायक्रोसॉफ्टनं जुन्या संगणकांपुढे एक रेघ ओढली. टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी आणि, थोडे अपवाद सोडले तर, प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली. त्याआधीच्या पिढीच्या प्रोसेसरचे संगणक पुढेही काही काळ दुकानांत विकले जात होते. ज्यांनी ते घेतले त्यांना कुणी सांगितलं नाही की या यंत्राला पुढची पायरी नाही. दुकानदारालाही ते माहीत नव्हतं. ही रेघ सुरक्षेसाठी आहे असं कंपनी म्हणते, आणि टीपीएमचा उपयोग मला मान्य आहे. पण उत्तम चालणारी असंख्य यंत्रं तिच्यामुळे एका रात्रीत जुनी ठरली. तो भार कंपनीनं उचलला नाही, ग्राहकाच्या गळ्यात टाकला, हेही तितकंच खरं आहे.

मुदत संपली की पॅच बनतच नाही, ही समजूत चुकीची आहे. तो बनतो, पैसे देणाऱ्यासाठी. २०१४ साली एक्सपीचा सपोर्ट संपला तेव्हा ब्रिटिश सरकारनं साडेपाच दशलक्ष पौंड मोजून आपल्या सरकारी यंत्रांसाठी आणखी एक वर्ष विकत घेतलं. वॉनाक्राय पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टनं तातडीनं एक्सपीचाही पॅच सर्वांना खुला केला. तोवर तो असा खास करार केलेल्या ग्राहकांपुरता राखून ठेवलेला होता. विंडोज १०साठी आता हीच व्यवस्था घरगुती ग्राहकांपर्यंत आली आहे. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक वर्षाची मुदतवाढ ३० डॉलरना मिळते. आपल्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवायला तयार असाल तर ती फुकटही मिळते. युरोपात ग्राहक संघटनांनी दबाव आणल्यावर तिथल्या लोकांसाठी अटी आणखी सैल झाल्या. कंपन्या आणि संस्थांना पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर पडतात, पुढे दर वर्षी दुप्पट, आणि फार तर तीन वर्षं. या सगळ्यावरून एवढं स्पष्ट होतं की शेवटची तारीख हा तंत्रज्ञानाचा नियम नाही. तो खर्चाचा आणि धंद्याचा निर्णय आहे, म्हणून त्यावर बोलता येतं, भांडता येतं आणि कायदाही करता येतो. या पुस्तकातलं माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं म्हणणं ते हेच.

आपल्याकडे या बाबतीत एका संस्थेनं सक्तीनं काम करून घेतल्याचं उदाहरण आहे आणि ते पुरेसं सांगितलं जात नाही. एटीएमच्या पत्र्याच्या पेटीत साधा संगणकच असतो आणि एके काळी त्यांतल्या असंख्य पेट्या एक्सपीवर चालत. एक्सपीचा सपोर्ट संपून तीन वर्षं झाल्यावर, एप्रिल २०१७ मध्ये, रिझर्व्ह बँकेनं बँकांना गोपनीय परिपत्रकानं याची जाणीव करून दिली. काम हललं नाही. मग २१ जून २०१८ला उघड परिपत्रक निघालं, तारखांसकट. ऑगस्ट २०१८ पर्यंत बायोसला पासवर्ड, यूएसबी पोर्ट बंद, ऑटोरन बंद. जुन्या प्रणालीवरची एटीएम टप्प्याटप्प्यानं बदलायची: सप्टेंबर २०१८ पर्यंत निदान चतुर्थांश, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण, जून २०१९ पर्यंत सगळी. कुचराई केली तर कारवाई. यूएसबी पोर्टचा उल्लेख मला फार बोलका वाटतो. एटीएमची पेटी उघडून आत पेनड्राइव्ह लावणारा चोर परिपत्रक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे होता. प्रणाली बदलायला वर्ष लागणार असेल तर तोवर निदान दार तरी लावून घ्या, हा त्यातला शहाणपणा छोट्या कार्यालयांनाही जसाच्या तसा लागू पडतो.

आणि छोटी कार्यालयं जुन्या यंत्रांना का चिकटून असतात हे न समजून घेता त्यांना उपदेश करणं मला पटत नाही. मराठी डीटीपीचंच बघा. लग्नपत्रिका, गाईडं, दिवाळी अंक, शाळेच्या प्रश्नपत्रिका यांचं काम वर्षानुवर्षं पेजमेकरवर झालं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. मजकूर श्रीलिपीच्या किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत. ती फाइल नव्या यंत्रावर, नव्या प्रोग्राममध्ये उघडली की ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल लागतं, ते डोंगल नव्या विंडोजवर चालेलच असं नाही. त्यात प्रिंटर जुना, त्याचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटांचा. अशा माणसाला ‘अपग्रेड करा’ म्हणणं म्हणजे वीस वर्षांचं काम फेकून द्या म्हणणं. त्याच्यासाठी वेगळं उत्तर हवं आणि ते आहे. ते यंत्र ठेवा, पण इंटरनेटपासून तोडा. वायफाय बंद, केबल काढलेली. ईमेल, बँक, व्हॉट्सॲप यांसाठी सपोर्ट चालू असलेलं दुसरं यंत्र वापरा. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी त्या दुसऱ्या यंत्रात तपासा. आणि सवड काढून जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायला लागा. सवड मिळत नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच त्यावर या पुस्तकात एक मोठं प्रकरण दिलं आहे.

जुन्या यंत्राला लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट प्रणाली, हा दुसरा रस्ता. उबंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात आणि घरगुती वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत फुकट नोंदणी केली तर दहा. डेबियन हा दुसरा प्रकारही सुमारे पाच वर्षं सांभाळला जातो. दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर ब्राउझर, ईमेल आणि मराठी टंकलेखन एवढंच काम असेल तर मी हेच सुचवतो. इनस्क्रिप्ट कळफलक तिथे उत्तम चालतो. पण टॅली विंडोजवरच चालतं, म्हणजे हिशेबाच्या टेबलापाशी हा रस्ता सहसा अडतो. शिवाय फुकट म्हणजे कायमचं, असंही समजू नये. सर्व्हर चालवणाऱ्या लोकांचा सेंटओएस या लिनक्सच्या प्रणालीवर मोठा विश्वास होता. तिची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल या हिशेबानं लोकांनी ती बसवली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ती २०२१च्या अखेरीसच संपेल. सात वर्षांहून अधिक काळ एका घोषणेत गेला. दिलेली तारीख पाळली जाईलच हे गृहीत धरता येत नाही, ती अधूनमधून पुन्हा तपासावी लागते.

फोनची गोष्ट वेगळी आणि आपल्या देशात जास्त महत्त्वाची, कारण पुष्कळांचा पहिला आणि एकमेव संगणक फोनच असतो. अँड्रॉइडमध्ये दुरुस्ती गूगलकडून निघते. मग चिप बनवणारी कंपनी तिच्या बाजूचं काम करते, फोनवाली कंपनी ते आपल्या मॉडेलमध्ये बसवते आणि मग ते तुमच्यापर्यंत येतं. या साखळीतली एक कडी कंटाळली की सगळं थांबतं. म्हणून कित्येक वर्षं दोन-तीन वर्षांतच फोन वाऱ्यावर सोडले जात. आता परिस्थिती सुधारते आहे. गूगलनं २०२३च्या पिक्सेल ८ला आणि सॅमसंगनं २०२४च्या गॅलेक्सी एस२४ला सात वर्षांचं वचन दिलं. ए१६ ५जीसारख्या त्या मानानं स्वस्त फोनलाही सॅमसंग सहा वर्षं देते. बाजारात त्याच किमतीला याच्या निम्मं वचन देणारे फोनही असतात, आणि दुकानात चर्चा होते ती कॅमेऱ्याची.

ॲपलचं वागणं आणखी वेगळं. आयफोनला बरीच वर्षं अपडेट मिळतात, हे खरंच. २०१३च्या आयफोन ५एसला २०२३च्या जानेवारीतही एक सुरक्षा दुरुस्ती मिळाली. पण आधी तारीख सांगायची पद्धत तिथे नव्हती. २९ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये कायदा लागू झाला की नेटला जोडणारं उपकरण विकताना सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील ते लिहून द्यायचं. तेव्हा ॲपललाही पाच वर्षं हा आकडा कागदावर घालावा लागला. युरोपीय संघ त्याच्याही पुढे गेला. २० जून २०२५ पासून तिथे नव्यानं येणाऱ्या फोन आणि टॅबलेटना, त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून निदान पाच वर्षं अपडेट देणं बंधनकारक आहे. मोजणी कुठून होते ते बघा: बाजारात आल्यापासून नाही, विक्री थांबल्यापासून. शेवटच्या दिवशी घेणाऱ्यालाही पुरी पाच वर्षं मिळतात. नेटबुक घेणाऱ्यावर जो अन्याय झाला तो या एका कलमानं मिटतो.

आपल्याकडे फोनच्या खोक्यावर एमआरपी असते, बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं, तक्रारीचा नंबर असतो. सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख तिथे आढळत नाही. ती तिथे ठळक छापलेली असावी, अशी आपल्या ग्राहक संघटनांनी मागणी करावी, हा या पुस्तकाचा एक उद्देश आहे. तोवर ती दुकानदाराला विचारावी. त्याला सांगता आली नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर शोधावी आणि बिलाच्या मागे पेनानं लिहून ठेवावी. शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी तर ती निविदेतच मागावी. देणगी म्हणून येणारे जुने संगणक स्वीकारतानाही हीच चौकशी करावी. दहा फुकट संगणकांचा सपोर्ट आधीच संपलेला असेल तर ते दान नसतं, कुणाची तरी अडगळ असते.

पुढची प्रकरणं कुठल्याही क्रमानं वाचली तरी चालतील. मात्र वाचायला घेण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. संगणकावर विंडोजची कळ आणि ‘आर’ एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत ‘विनव्हर’ या आज्ञेची सहा इंग्रजी अक्षरं टाइप करा आणि कोणती आवृत्ती दिसते ती टिपून घ्या. फोनवर सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ किंवा ‘सुरक्षा’ या विभागात अँड्रॉइडच्या शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख असते. ती दोन-चार महिन्यांतली असेल तर सावकाश पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करा. वर्षाहून जुनी असेल आणि त्याच फोनवरून तुम्ही यूपीआयनं पैसे पाठवत असाल, तर आधी फोनवरचं प्रकरण उघडा.